वाचक विचारतात : उत्तरेकडे पळालेली माशी

गेल्या अंकात पारशांच्या ‘सगदीद’बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. माणूस गेला की प्रेतापाशी कुत्रा आणायचा, त्याची नजर प्रेतावर पडली की मरणाचा विटाळ पसरवणारी ‘नसू’ मागे हटते, एवढंच. त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं कुत्र्यांबद्दल आहेत, ती पुढच्या खेपेला. उरलेली भुताखेतांची, त्यातली निवडक इथे घेते. प्रश्न थोडे छाटलेत, राग मानू नये.

प्रश्न : बाई, पारशी धर्मात मांत्रिक असतो का? ‘तू कोण, कुठून आलास, काय घेऊन जाशील’ असं विचारून भूत उतरवायचा काही विधी? (नाशिक)

नाही. आणि नाही म्हणताना मलाच नवल वाटतं, कारण दैत्यांची एवढी लांबलचक यादी ठेवणारे धर्म फार नाहीत. राग, हाव, आळस, म्हातारपण, प्रत्येकाला एकेक ‘दएव’ नेमून दिलेला. पण आपल्याकडच्या भुताला हकीकत असते. हडळ बाळंतपणात गेलेली असते, मुंजा लग्नाआधी गेलेला असतो, कुणाचं काही खायचं राहिलेलं असतं. दएवाला असली कहाणी नाही. तो कुणाचा मेलेला चुलता नव्हे. जग नासवण्यासाठी अंग्र मइन्यूने, म्हणजे पुढच्या काळातल्या अहिरमनने, सोडलेला तो शिपाई. त्याला विचारायचं काय आणि द्यायचं काय?

म्हणून तिथे भूत काढणं म्हणजे अंग धुणं. ‘वेंदिदाद’ हा अवेस्तातला, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथसंग्रहातला, बावीस प्रकरणांचा ग्रंथ. त्याच्या आठव्या-नवव्या प्रकरणात प्रेताला शिवलेल्या माणसाला शुद्ध कसं करायचं ते इतकं बारीक दिलंय की वाचताना डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो. मोकळ्या जागी जमिनीत ओळीने खड्डे, भोवती धातूच्या पात्याने ओढलेल्या रेघा. आत विटाळलेला माणूस, उघडा. शुद्धी करणारा रेघेबाहेर. त्याच्या हातात नऊ गाठींची काठी आणि तिच्या टोकाला बांधलेला चमचा. आत शिरायचं नाही, लांबूनच गोमूत्र शिंपडायचं.

आधी हात धुवायचे, तीनदा. ते राहिले तर पुढचं सगळं फुकट. मग टाळूवर शिंपडलं की नसू भुवयांच्या मधे उतरते. तिथे शिंपडलं की डोक्याच्या मागे. तिथून गालांवर, मग उजव्या कानात, मग डाव्या. खांदा, काख, छाती, पाठ, बरगडी, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, प्रत्येक ठिकाणी आधी उजवीकडे, मग डावीकडे. लपायला जागा संपत जाते. शेवटी ती तळपायाखाली शिरते, तेव्हा ग्रंथ म्हणतो की ती माशीच्या पंखाएवढीच उरलेली असते. मग टाचा उचलून चवडे दाबायला सांगतात आणि तळव्यांवर शिंपडतात. मग उलट, टाचा टेकवून बोटं वर. डाव्या पायाच्या बोटांवर शेवटचं शिंपण पडलं की नसू चवताळलेल्या माशीच्या रूपात, गुडघे वाकलेले, शेपूट बाहेर, घोंघावत उत्तरेकडे पळून जाते. उत्तर ही त्यांच्याकडे दएवांची दिशा.

त्यानंतर मातीने अंग घासून कोरडं करायचं, मग पाणी, मग नऊ रात्री वेगळं राहायचं. या विधीला ‘बरश्नूम’ म्हणतात. आता तो पुरोहितवर्गापुरताच उरलाय. पण मंत्र पुटपुटत ओंजळभर पाणी मारण्यापेक्षा ही रीत मला फार प्रामाणिक वाटते. ज्याला कुणाला प्रेत उचलावं लागलं त्याने डोक्यापासून नखापर्यंत स्वच्छ व्हावं, आणि तोवर चारचौघांत मिसळू नये!

प्रश्न : म्हणजे आजच्या पारशी माणसाचा या दएवांशी काही संबंध उरला नाही? (ठाणे)

रोजचा आहे. सदरा आणि कस्ती तुम्हाला माहीत असतील. कस्ती म्हणजे बहात्तर धाग्यांची लोकरीची विणलेली दोरी, कमरेला तीन वेढ्यांची. दिवसातून अनेकदा ती सोडून, प्रार्थना म्हणत पुन्हा बांधायची. त्या प्रार्थनेत अहिरमनचं नाव आलं की कस्तीच्या टोकांना झटका द्यायचा. फटका मारल्यासारखा. ग्रँट रोडला आमच्या समोरच्या इमारतीतले एक काका सकाळी व्हरांड्यात हे करायचे, आणि लहानपणी मला वाटायचं ते कस्तीवरची धूळ झटकतायत. पुढे माझ्या अवेस्ताच्या गुरुजींनी तो झटका कुणाला ते सांगितलं. कस्ती बांधण्याआधीचा पाठही वेंदिदादमधलाच, ‘नष्ट हो, द्रुज, उत्तरेला जाऊन नष्ट हो’ असं बजावणारा. द्रुज म्हणजे असत्याची दुष्ट शक्ती.

शिवाय अग्यारीत अख्खं वेंदिदाद म्हणण्याचा विधी आजही होतो. तो मध्यरात्रीनंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, कारण अंधार हा दएवांचा वेळ. बाकीचे विधी पुरोहित मुखोद्गत म्हणतात, हा मात्र पुस्तक समोर ठेवून.

पहाटेचा विषय निघालाच आहे तर बुश्यांस्ताचं नाव घेतलंच पाहिजे. ही आळसाची दएवी, लांब हातांची. कोंबडा आरवून जगाला उठवतो आणि ही मागून येऊन थोपटते, ‘झोपा रे, अजून वेळ आहे’. अठराव्या प्रकरणात आहे. आमच्या घरी तिची उपासना नातवंडं करतात.

प्रश्न : आजी म्हणायची, कापलेली नखं-केस घरात टाकू नयेत, कुणी करणी करतं. पारशांतही असं आहे असं ऐकलं. (चिपळूण)

आहे, फक्त तिथे करणी करणारा शेजारी नाही, खुद्द दएव आहेत. वेंदिदादचं सतरावं प्रकरण याच विषयावर. केस विंचरले, कापले, नखं काढली आणि कुठेही टाकली, तर त्यातून दएव पैदा होतात आणि माणसं ज्यांना उवा म्हणतात ते धान्य-कपडे खाणारे किडे निघतात. म्हणून केस माणसांपासून दहा पावलं, अग्नीपासून वीस, पाण्यापासून तीस पावलं दूर नेऊन पुरायचे. जमीन कठीण असेल तर खड्डा दहा बोटं खोल, मऊ असेल तर बारा. नखांची तऱ्हा आणखी मजेची. ती पुरताना ‘अषोझुश्त’ पक्ष्याला उद्देशून म्हणायचं, ही नखं तुझी, हे तुझे भाले, सुऱ्या, धनुष्यं, बाण, गोफणीचे दगड होवोत. म्हटलं नाही तर तीच हत्यारं दएवांच्या हातात पडतात. हा अषोझुश्त म्हणजे घुबड! आपण ज्याला बघून ‘शू शू’ करतो तो तिथे आपल्या बाजूचा सैनिक.

प्रश्न : एका गाजलेल्या इंग्रजी भयपटात पाझूझू नावाचा राक्षस मुलीच्या अंगात शिरतो. तो खरंच बॅबिलोनचा सैतान होता का? (पुणे)

पाझूझूवर अन्याय झालाय. दिसायला तो भयंकर खराच. कुत्र्यासारखं तोंड, चार पंख, पक्ष्याचे पंजे, विंचवाची शेपटी, दुष्ट वाऱ्यांचा राजा. पण मेसोपोटेमियात लोक त्याचं डोकं ताईत म्हणून गर्भारशीच्या गळ्यात आणि घरात टांगायचे. कारण त्याला लमाश्तू भ्यायची. लमाश्तू ही तान्ह्या बाळांचा घास घेणारी. सिंहाचं डोकं, दोन्ही हातांत साप, स्तनांना एकीकडे कुत्र्याचं पिल्लू, एकीकडे डुकराचं.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इसवीसनाआधीच्या पहिल्या सहस्रकातली एक काशाची पाटी आहे. तिच्या वरच्या काठावरून पाझूझू डोकावतो, जसा गच्चीवरून कुणी खाली बघावं तसा. खाली पलंगावर रोगी पडलाय आणि त्याच्या उशाशी-पायथ्याशी माशाचं कातडं पांघरलेले दोघे उभे. सगळ्यात खाली लमाश्तू गाढवावर, गाढव नावेत, नाव नदीत. तिची पाठवणी चालली आहे, आणि समोर वाटेसाठी वस्तू मांडल्यात. त्यात फणी आहे, सूत कातायची चाती आहे. मंत्रांतही तिला तेल, पादत्राणं असं काय काय देतात. साथ आली की मरीआईचा गाडा साडीचोळी देऊन गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ही पाटी समजवायला मी नको.

तिथला भूत काढणारा, ‘आशिपू’, हा शिकलेला, मंदिराशी जोडलेला माणूस. त्याच्या अभ्यासाला मातीच्या पाट्यांवरचे ग्रंथ असत. दुष्ट आत्म्यांवरच्या मंत्रांची सोळा पाट्यांची मालिका, चेटक्यांच्या प्रतिमा जाळण्याची ‘मक्लू’, आणि रोगलक्षणांचा चाळीस पाट्यांचा ‘साकिक्कू’. या शेवटच्या ग्रंथाची सुरुवात रोग्याच्या घरी जाताना वाटेत काय दिसलं यापासून होते. काळा कुत्रा किंवा काळं डुक्कर दिसलं तर रोगी वाचत नाही. कुत्र्याच्या नजरेने मरणाचा विटाळ पळवणारा इराण शेजारीच, आणि इथे कुत्रा दिसला म्हणून वैद्य हात टेकतो. शेजाऱ्यांनी एकमेकांचं सगळंच उचललं असं मानणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

प्रश्न : (नाव-गाव छापू नये अशी विनंती) माझ्या वहिनीच्या अंगात येतं. देवऋषी झाले. तुम्ही अवेस्ता शिकलेल्या, त्यातला जोरकस मंत्र लिहून पाठवाल का?

पाठवणार नाही. मंत्र माझ्याजवळ आहेत, पण मी वैद्य नाही. वहिनींना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो, आणि टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रात मिरचीच्या धुरीचा उल्लेख आहे. ती पुन्हा होऊ देऊ नका. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी, साखळीने बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि जुन्या ग्रंथाचाच आधार हवा असेल तर वेंदिदादचं सातवं प्रकरण बघा. त्यात वैद्य तीन प्रकारचे : सुरीने बरं करणारा, वनस्पतीने बरं करणारा, पवित्र वचनाने बरं करणारा. तिसऱ्याला ग्रंथ श्रेष्ठ मानतो, ते कबूल. पण सुरी हातात घेणाऱ्याची आधी परीक्षा आहे. त्याने पहिले तीन प्रयोग दएवपूजकांवर, म्हणजे परधर्मीयांवर करायचे (हे ऐकून आपण दएवपूजकांनी काय म्हणावं!). तिघेही दगावले तर तो जन्मभर अपात्र. तुमच्या देवऋष्याची अशी परीक्षा कुणी घेतली होती?

प्रश्न : बायबलमध्ये इराणी राक्षस आहे हे खरं का? (वसई)

तुम्ही वसईचे, तेव्हा तुमच्या घरातल्या बायबलमध्ये ‘तोबीत’चं पुस्तक असणारच. प्रोटेस्टंटांच्या नेहमीच्या बायबलमध्ये ते नसतं. त्यातला अस्मोदेव हा बहुतेक अभ्यासकांच्या मते अवेस्तातला ‘आएश्म दएव’, क्रोधाचा, रक्ताळलेला सोटा घेऊन फिरणारा. त्याचा प्रसंगही इराणातच घडतो, एकबतानात, म्हणजे आजच्या हमदानमध्ये. तिथल्या सारा नावाच्या मुलीचे सात नवरे पहिल्याच रात्री या अस्मोदेवाने मारलेले. आठवा तोबिया. त्याने तैग्रिस नदीत पकडलेल्या माशाचं काळीज आणि यकृत धूपाच्या निखाऱ्यांवर टाकलं. त्या वासाने अस्मोदेव थेट वरच्या इजिप्तपर्यंत पळाला आणि तिथे देवदूत राफाएलने त्याला जखडलं.

मला यातला साराचा बाप फार आवडतो. पोरीचं लग्न लावून दिलं आणि मध्यरात्री गड्यांना घेऊन जावयासाठी खड्डा खणायला गेला, शेजाऱ्यांना कळायच्या आत पुरून टाकू म्हणून. मग दासीला दिवा घेऊन आत पाठवलं. दोघं गाढ झोपलेली. तेव्हा म्हणतो, उजाडायच्या आत खड्डा बुजवा! ही कथा जुनी. तिचे अरामी आणि हिब्रू तुकडे मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत मिळालेत. पण बघा, क्रोधाचा दएव इराणातून निघाला आणि तोबीतमध्ये पोचेस्तोवर एका मुलीवर डोळा असलेला, आपल्या समंधासारखा झाला. त्याला हकीकत मिळाली, आणि हकीकत मिळाली की त्याला घालवायला माणूस लागतो, औषध लागतं.

पुढे ज्यूंनी भूत घालवण्याचं शास्त्रच केलं. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस स्वतः पाहिलेलं सांगतो. एलाझार नावाच्या ज्यूने रोमन सेनापती व्हेस्पासियनसमोर झपाटलेल्याच्या नाकाशी अंगठी धरली, अंगठीच्या खड्याखाली सॉलोमन राजाने सांगितलेली मुळी होती, तिचा वास देऊन भूत नाकपुडीतून ओढलं. ते खरंच निघालं हे पटावं म्हणून जवळ पाण्याचं भांडं ठेवलं आणि भुताला जाताना ते उपडं करायला सांगितलं.

आणि सगळ्यात भारी कारभार इराकमधल्या मातीच्या वाडग्यांचा. साधारण पाचव्या ते आठव्या शतकातले. निप्पूरच्या उत्खननात असे पुष्कळ निघाले, ते १९१३ साली मॉन्टगोमेरी या अमेरिकन विद्वानाने छापले. वाडग्याच्या आतल्या अंगाला शाईने गोल गोल फिरत जाणारा मजकूर, मधे बेड्या घातलेलं भूत काढलेलं. आणि वाडगा उंबऱ्याखाली उपडा पुरलेला. लिहिणारे ज्यू, मंदाई (इराकातला एक जुना धर्मपंथ) आणि सीरियाक लिपी वापरणारे. मुलूख सासानी इराणी बादशहांचा आणि लिहून घेणाऱ्यांत फारसी नावांचेही पुष्कळ. काही वाडग्यांवर लिलीथला, म्हणजे रात्री माणसाच्या बिछान्यात शिरणाऱ्या भुतिणीला, चक्क तलाकनामा दिलाय! अमक्याच्या घरातून, त्याच्या बायकोपोरांपासून तू मोकळी झालीस, हे तुझं सोडचिठ्ठीपत्र, घे आणि निघ, यहोशुआ बार पराहिया या रब्बीच्या नावाने. दस्तऐवज नियमाप्रमाणे हातात पडला की भुतालाही तो पाळावा लागतो, असा भरवसा.

सगळ्यांना उंबरा मात्र महत्त्वाचा. सन १००० च्या सुमारास अल्-बिरूनी हा विद्वान लिहितो की इस्फंदारमद महिन्याच्या पाचव्या दिवशी इराणी लोक विंचू-किड्यांविरुद्ध मंत्राचे चौकोनी कागद पहाट ते सूर्योदय या वेळात लिहून घराच्या तीन भिंतींना लावतात. दर्शनी बाजूच्या समोरची भिंत मोकळी ठेवतात. चौथीलाही कागद लावला तर बिचाऱ्या किड्यांना बाहेर पडायची वाट सापडणार नाही. मुंबईच्या पारशांतही असे कागद दाराला चिकटवायची चाल होती.

प्रश्न : आपले देव त्यांचे राक्षस, त्यांचे अहुर आपले असुर, म्हणजे आपलं आणि इराण्यांचं युद्ध झालं होतं ना? मोबाइलवर लेख फिरतोय. (सांगली)

तो लेख मलाही आला, वेगवेगळ्या लोकांकडून. इतकं सरळ नाही. वेंदिदादमध्ये इंद्र, शर्व (सउर्व) आणि नासत्य दएवांच्या यादीत आहेत हे खरं. पण मित्र तिथे पूज्य, वायू पूज्य, सोम ‘हओम’ म्हणून पूज्य. ‘वृत्रहन्’ हे इंद्राचं बिरुद, त्याचा तिकडे ‘वेरेथ्रघ्न’ नावाचा मोठा देव, म्हणजे पारशांचा बेहराम. म्हणजे मालक बदनाम आणि त्याची पदवी सिंहासनावर! लग्नातल्या लाजाहोमात ‘अर्यमणं नु देवं’ तुम्ही ऐकलं असेल. तो अर्यमा अवेस्तात ‘अइर्यमन’, आणि अंग्र मइन्यूने केलेल्या ९९,९९९ रोगांवर अहुर मज्द, म्हणजे पारशांचा परमेश्वर, शेवटी त्यालाच बोलावतो.

प्राचीन इराणच्या झर्क्सीस बादशहाचा एक शिलालेख १९३५ मध्ये तिथल्या पर्सेपोलिसला सापडला. त्यात तो सांगतो, एका ठिकाणी दइवांची (म्हणजे दएवांचीच) पूजा चाले, मी ते देवस्थान मोडलं आणि तिथे अहुर मज्दाची पूजा केली. कुठले दइव, कुठला प्रांत, काही लिहिलेलं नाही. त्यावरून इंद्राच्या देवळावर स्वारी काढणं ही फक्त मोबाइलवरच्या लेखकांची हिंमत.

युद्धापेक्षा मला शेजाऱ्यांची कुरबूर जास्त खरी वाटते. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातलं बाविसावं सूक्त तक्मन् म्हणजे तापावर आहे. तापाला सांगितलंय, भाऊ बलास (हाही एक रोगच), बहीण खोकला आणि चुलतभाऊ खरूज यांना घेऊन नीघ, मूजवतांकडे जा, नाहीतर त्याहून लांब बल्हिकांकडे जा. शेवटी गंधार, मूजवत, अंग आणि मगध यांच्या हवाली त्याला करून ऋषी मोकळे. आपल्या अंगणातला कचरा शेजारच्या वाड्यात.

आता बल्हिक म्हणजे बाल्ख, आजच्या अफगाणिस्तानातलं. तेच बाल्ख, ‘बाख्धी’ या नावाने, उंच झेंड्यांचं सुंदर, वेंदिदादच्या पहिल्या प्रकरणात अहुर मज्दाने निर्माण केलेल्या सोळा उत्तम देशांत येतं. प्रत्येक देशाला अंग्र मइन्यूने काही ना काही पीडा दिली अशी ती यादी. पंधरावा देश ‘हप्त हेंदू’, आपला सप्तसिंधू. त्याला दिलेल्या पीडांपैकी एक म्हणजे अतोनात उष्णता. आपल्या ऋषींनी ताप बाल्खला पाठवला होता, आणि तिकडच्या पुरोहितांनी नोंद केली की उष्णता मुळात सप्तसिंधूचीच.